उतरंड कोठे मोडायची?



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतून आता त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते. भिंतीवर तथागतांची आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांची तसबीर असते. मुलांची लग्ने बौद्ध पद्धतीने लागतात, नवस-सायास बंद झाले आहेत, अंगात येणे थांबले आहे. हे सर्व उत्तम झाले. परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, आणि तो विचारल्याशिवाय आपली सुटका नाही. घरातील माणसे एकमेकांशी पूर्वी जशी वागत होती तशीच आजही वागत असतील, तर त्या घराचे धर्मांतर झाले असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न मला कोणा भिक्खूने विचारला नाही. तो माझ्या पत्नीने विचारला. मी एका कचेरीत कारकून होतो. आमचे साहेब तोंडाचे फटकळ. एके दिवशी एका फायलीवरून त्यांनी चारचौघांत माझा पाणउतारा केला. ‘तुम्हा लोकांना फुकट नोकऱ्या मिळतात’ हे वाक्यही त्यात आलेच. मी खाली मान घालून ऐकून घेतले. संध्याकाळी घरी आलो तो डोके भणभणत होते. धाकट्या मुलीच्या हातून तांब्या पडला आणि पाणी माझ्या कागदांवर सांडले. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणालो, ‘अक्कल नाही तर कामाला हात कशाला लावतेस?’ मुलगी रडत आत गेली. पत्नी बाहेर आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘तुमचे साहेब तुम्हांला काय बोलतात ते तुम्ही आम्हांला कधी सांगत नाही. पण आम्हांला ते कळते. कारण तेच शब्द तुम्ही घरी घेऊन येता.’

मी निरुत्तर झालो. ती पुढे म्हणाली, ‘दर रविवारी विहारात समतेवर बोलता. ती समता कोणासाठी आहे?’

त्या रात्री मला झोप आली नाही. साहेबाने जातीच्या तोऱ्यात माझा अपमान केला, हा अन्याय होता यात शंका नाही. पण तो अपमान मी उचलला आणि माझ्याहून दुर्बळ अशा सात वर्षांच्या मुलीच्या पाठीवर ठेवला. मग साहेबात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्याला खुर्ची होती, मला बापपण होते, एवढाच!

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे जे विश्लेषण केले आहे त्यात श्रेणीबद्ध विषमता हा फार महत्त्वाचा विचार आहे. केवळ वर एक आणि खाली एक असे असते तर खालच्याने वरच्याविरुद्ध केव्हाच बंड केले असते. परंतु इथे उतरंड आहे. मडक्यावर मडके ठेवलेले. प्रत्येकावर कोणाचा तरी भार आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला आपला भार टाकायला खाली कोणी तरी सापडते. म्हणून वरच्याचा राग वर जात नाही, तो खाली उतरतो.

ही उतरंड कष्टकऱ्यांतही होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, घेत नसत. धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण कामगाराला चालत नसे, हे त्याचे कारण! पगार त्या खात्यात अधिक होता. १९२८ सालच्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढणारा कामगार आपल्याच शेजारच्या कामगाराला माणूस मानायला तयार नव्हता. मालकाकडे न्याय मागावयाचा आणि आपल्या खालच्याला तो नाकारायचा, हा रोग किती खोल आहे ते यावरून दिसते. तो रोग दीक्षा घेतल्याबरोबर आपोआप बरा होतो असे समजणे ही स्वतःची फसवणूक होईल.

मग धम्म या बाबतीत काय सांगतो?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, धर्म आणि धम्म यांतील भेद स्पष्ट केला आहे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते. धम्म मात्र मूलतः सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. परंतु दोन माणसे एकत्र आली, त्यांचा एकमेकांशी संबंध आला, की आवडो न आवडो, तेथे धम्माला जागा करावीच लागते. धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य संबंध, असे त्यांचे सांगणे आहे.

या विचाराचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. धम्म विहारात आहे की मनात, असे आपण विचारतो. बाबासाहेब सांगतात की तो दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे. मी आणि माझी पत्नी यांच्या मधल्या जागेत, मी आणि माझी मुलगी, मी आणि माझा साहेब, मी आणि आमच्या कचेरीतील झाडू मारणारी बाई यांच्या मधल्या जागेत. ती जागा घाण असेल तर घरातील तसबिरीला कितीही फुले वाहिली तरी उपयोग नाही.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण सिगालाच्या कथेत आहे. बाबासाहेबांनी गृहस्थांसाठी जो विनय सांगितला त्यात ही कथा घेतली आहे. तथागत राजगृहाजवळ वेळुवनात राहत होते. सकाळी भिक्षेसाठी निघाले असता त्यांना सिगाल नावाचा एक तरुण गृहस्थ दिसला. ओले केस, ओली वस्त्रे, हात जोडलेले, आणि तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहाही दिशांना नमस्कार करीत होता. कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, मरताना वडिलांनी तसे सांगितले होते.

तथागतांनी त्याची टर उडविली नाही. ‘बापाने सांगितलेले सोडून दे’ असेही ते म्हणाले नाहीत. सहा दिशांना वंदन असे करावयाचे नसते, एवढेच सांगून त्यांनी त्या दिशांचा अर्थ बदलला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप. दक्षिण म्हणजे गुरू. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती. खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. वरची दिशा म्हणजे श्रमण आणि साधुपुरुष. आकाशाला हात जोडू नकोस, या माणसांशी नीट वाग. तेच दिशावंदन.

यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की या उपदेशात एकाही माणसावर एकतर्फी कर्तव्य लादलेले नाही. मुलाची आईबापांसंबंधी कर्तव्ये सांगितली तशी आईबापांचीही मुलासंबंधी सांगितली. शिष्याची सांगितली तशी गुरूचीही. नोकराची तशी मालकाची. मनूच्या शास्त्रात खालच्याने वरच्याची सेवा करावयाची आणि वरच्याने ती घ्यावयाची. इथे प्रत्येक दोरी दोन्ही टोकांना बांधलेली आहे. एकाने आपले टोक सोडले तर दुसऱ्याला ‘तू धर्म पाळत नाहीस’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला राहत नाही. माझ्या मते समतेचा पाया तो हाच.

दुसरी गोष्ट ही की कामगार ही सुद्धा एक दिशा आहे. ज्या काळात दास विकत घेतले जात त्या काळात तथागतांनी एका मालकाला सांगितले की, तुझ्या हाताखाली राबणारा माणूस वंदनीय आहे.

आता आपापल्या घराकडे पाहू. पत्नीसंबंधी पतीची पाच कर्तव्ये या उपदेशात सांगितली आहेत. तिचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवावा, तिला वस्त्रालंकार द्यावेत. यातील चौथे कर्तव्य पाहा. पाली भाषेत त्याला ‘इस्सरिय-वोस्सग्ग’ म्हणतात. इस्सरिय म्हणजे सत्ता. ती सोडून द्यावयाची आहे! आपल्यातील किती पुरुषांनी ती सोडली आहे? पगार किती, कर्ज किती, विम्याचा हप्ता कोणता, घर कोणाच्या नावावर, हे ज्या घरातील बाईला ठाऊक नाही त्या घरात चौथे कर्तव्य मोडले गेले आहे. मग पाचव्या कर्तव्याची साडी कितीही भारी असो.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरास दलित महिलांची परिषद भरली होती. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची व्यक्ती म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. मुलांची लग्ने घाईने लादू नका, हेही सांगितले. पुढे हिंदू कोड बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतरही कारणे होती, परंतु स्त्रीच्या हक्काच्या कायद्याची उपेक्षा हे त्यांतील मोठे कारण होते. ज्याने आपली खुर्ची स्त्रियांच्या हक्कासाठी सोडली त्याची तसबीर लावलेल्या घरात बाईवर हात उगारला जात असेल, तर त्या तसबिरीसमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहतो?

सासू-सुनेचेही असेच. सासू जेव्हा सून होती तेव्हा तिने जे सोसले ते आता सुनेने सोसावे, असे आपल्या नकळत तिला वाटते. ही पुन्हा उतरंडच. ज्या सासूने ‘माझ्यापुरते हे थांबले’ असे ठरविले, तिने एका पिढीचा भार खाली ठेवला. तिला मी मोठी उपासिका मानतो.

नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत आणखी एक अडचण येते. मुलगा आणि सून बावीस प्रतिज्ञा घेऊन येतात आणि म्हातारी आजी मात्र फडताळात देवाचे टाक जपून ठेवते. मग घरात भांडण. कोणी ते टाक ओढून विहिरीत टाकतो, आजी दोन दिवस जेवत नाही. प्रतिज्ञा या आपण स्वतः घेतलेल्या असतात, त्या दुसऱ्यावर बळाने लादता येत नाहीत. ज्याने घेतल्या त्याने त्या कसोशीने पाळाव्यात, देवाला हात जोडू नयेत, यात तडजोड नको. पण आजीला जिंकावयाचे असेल तर सिगालाला तथागतांनी जसे जिंकले तसे जिंकावे. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, म्हणजे ये आणि पाहा असे सांगणारा आहे. आजीने काय पाहावे? दीक्षा घेतल्यापासून नातवाची दारू सुटली, तो बायकोशी नीट बोलू लागला, आपल्या औषधाची वेळ तो चुकवीत नाही, हे तिने पाहावे. मग टाकांचा निर्णय ती स्वतःच करील.

आता कामाच्या ठिकाणाकडे वळू. तथागतांनी मालकाला पाच गोष्टी सांगितल्या. नोकराची शक्ती पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात शुश्रूषा करावी. गोडधोड मिळाले तर त्याला वाटा द्यावा. वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगारानेही दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, मालकाची नाहक बदनामी करू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, पगारी रजा, खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांची प्रसूतिरजा हे प्रश्न त्यांनी त्या काळात हाताळले. अडीच हजार वर्षांपूर्वी जे सद्वर्तन म्हणून सांगितले गेले, त्याला कायद्याचे बळ देण्याच्या कामात आपल्या नेत्याचा हात होता, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे.

पण अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. आज आपल्या समाजातून अधिकारी झाले, मुख्याध्यापक झाले, काहींनी कारखाने काढले. त्यांच्या घरी धुणेभांडी करणारी बाई येते. तिला वेगळ्या कपात चहा मिळतो काय? ती आजारी पडली तर पगार कापला जातो काय? शिपायाला आपण ‘ए’ म्हणतो की ‘अहो’? आपल्या वाडवडिलांना वरून पाणी वाढले गेले. आपण कप वेगळा ठेवला तर तेच पाणी आपण दुसऱ्याला वाढतो आहोत.

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की हे झाले आपल्या खालच्यांविषयी. पण वरचा जेव्हा आपला अपमान करतो तेव्हा काय करावयाचे? मैत्री, करुणा म्हणून गप्प बसायचे? पिढ्यानपिढ्या गप्पच बसलो की!

याच वेळुवनात घडलेला दुसरा प्रसंग आठवावा. भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण संतापून आला आणि त्याने तथागतांना शिव्या दिल्या. तथागतांनी विचारले, तुझ्याकडे पाहुणे येतात काय? त्यांना तू जेवण वाढतोस काय? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तेव्हा तथागत म्हणाले, तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याच.

या कथेचा अर्थ काही लोक ‘सोसावे’ असा करतात. मला तो चुकीचा वाटतो. ‘मी घेत नाही’ असे म्हणणारा माणूस लाचार नसतो. लाचार माणूस शिवी घेतो, खिशात घालतो आणि घरी नेऊन बायकापोरांना वाटतो, जसे मी केले. जो ती घेत नाही त्याचे डोके थंड राहते, आणि थंड डोक्यानेच अन्यायाचा प्रतिकार नीट होतो. साहेब कामातील चूक दाखवीत असेल तर ती मान्य करावी, सुधारावी; त्यात कमीपणा नाही. साहेब स्वभावाने तापट असेल तर एकांतात जाऊन स्पष्ट शब्दांत सांगावे. परंतु तो जातीवरून बोलत असेल तर तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार हे सर्व कागदावर उतरवून लेखी तक्रार करावी, संघटनेकडे जावे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे, आणि घरातील हिंसेविरुद्ध २००५ चा. कायद्याचा आधार घेणे म्हणजे मैत्री सोडणे नव्हे. अन्याय करणाऱ्याला अन्याय करण्यापासून थांबविणे हे त्याच्याही हिताचेच आहे. फक्त मनात सूड नको. सुडाने पेटलेला माणूस निवाडा होण्याआधी आपलेच घर जाळतो.

मी त्या वेळी काय केले? दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी विचारले की माझ्या कामातील चूक कोणती आणि ‘तुम्हा लोकांना’ या शब्दांचा अर्थ काय. उत्तर आले नाही. परंतु ते शब्द पुन्हा माझ्या कानांवर पडले नाहीत. आणि त्या दिवशी संध्याकाळी मी मुलीची क्षमा मागितली. बापाने मुलीची क्षमा मागण्याची आमच्या घराण्यातील ती पहिलीच वेळ असावी. ती आधी गोंधळली, मग म्हणाली, ‘बाबा, तांब्या जड होता.’ एवढेच तिला कालपासून सांगायचे होते आणि मी ते ऐकून घेतले नव्हते.

तथागतांनी राहुलाला, आपल्या स्वतःच्या मुलाला, असाच एक साधा उपदेश केला होता. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच कोणतेही कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे की, याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय. होत असेल तर थांबावे, झाली असेल तर ती उघड सांगावी आणि पुढे सावध राहावे. हा आरसा आपण घराच्या उंबरठ्यावर टांगला पाहिजे. कामावरून येताना चपला बाहेर काढतो, तसे एक क्षण थांबून विचारावे: आज कोणाचे शब्द मी बरोबर आणले आहेत? ते या घरातील माणसांचे आहेत काय?

सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात हेच सांगितले. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे फळ धम्ममंगलाचे, आणि त्यात त्याने सर्वप्रथम दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन हे सांगितले. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ भुईगावास सापडला. तो सापडला १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी नागपुरास दीक्षा झाली त्याच वर्षी. मी यात चमत्कार पाहत नाही. बौद्धाने पाहूही नये. पण आपण जुने मंगलविधी सोडले त्या वर्षी मातीतून हा दगड वर आला, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. आठवड्यातून एकदा, वंदना झाल्यावर, घरातील सर्वांनी पाच मिनिटे बसावे. सर्वांत धाकट्याने आधी बोलावे, कर्त्या पुरुषाने सर्वांच्या शेवटी. या आठवड्यात कोणी कोणाला दुखविले, ते सांगावे, ऐकावे आणि ऐकताना मध्ये बोलू नये. घराचा हिशेब बाईसमोर मांडावा. मुलाने आपले ताट आपण उचलावे. कामाच्या ठिकाणी आपल्या हाताखालच्या माणसाला त्याच्या नावाने आणि मानाने हाक मारावी.

उतरंड मोडावयाची म्हणजे वरचे मडके फोडायचे, असे आपण समजत आलो. वरच्यांशी झगडा चालूच राहील, तो चालू राहिलाच पाहिजे. परंतु ज्याचा भार आपण स्वतः कोणावर तरी टाकला आहे ते मडके आपल्याच हातात आहे. ते आज संध्याकाळी, घरी गेल्यावर, हलकेच उचलून बाजूला ठेवता येईल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.